धोंडीरामचा सांधेपाक

११ ऑक्टोबर १९७८, बुधवार. दसरा

ही डायरी एका सूतगिरणीच्या एजंटानं जानेवारीत दिली होती. तेव्हापासून कपाटात कोरीच पडून होती. आज आपट्याच्या पानांबरोबर तिचीही पूजा केली आणि लिहायला बसलो. निमित्त, माझा उजवा गुडघा.

हा गुडघा उन्हाळ्यापासून माझ्याशी भांडतो आहे. दुकानात गादीवरून उठलो की असा कडकडतो, की समोरचं गिऱ्हाईक दचकून वर छताकडं बघतं. खुर्ची घ्या, असं सगळे सांगतात. सुताचा व्यापारी खुर्चीवर बसला की मुनीम दिसतो, म्हणून मी घेत नाही.

पण खरी काळजी दुकानाची नाही, काठीची आहे. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वजाची काठी पेलणाऱ्यांत आमच्या घरचा एक माणूस असतो. थोरला भाऊ गेल्यापासून तो मी. एक वर्ष चुकवलेलं नाही. एवढी उंच काठी उभी पेलायची, अनवाणी, दोन्ही बाजूंनी माणसांची भिंत. तिथं गुडघा घरी ठेवून जाता येत नाही. मी मागं राहिलो तर काठी जाईल सिदूकडं. सिदू म्हणजे भावाचा मुलगा. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम आहे, अंगानं भक्कम, पण बोलायला मऊ. मऊ माणसाच्या हाती काठी द्यायला माझं मन धजत नाही.

आता उपाय सापडला आहे. टेंभुर्णीहून आलेला धोंडीराम आमच्या गल्लीच्या तोंडाशी जडीबुटीचं दुकान चालवतो. त्यानं स्वतः घोटलेला 'सांधेपाक' बरणी भरून दिला. डिंक, मेथी, सुंठ, गुग्गुळ, आणखी काय काय, सगळं गुळाच्या पाकात आणि तुपात शिजवलेलं.

"सकाळी एक चमचा, सांजच्याला एक," धोंडीराम म्हणाला. "आन मालक, गुण कसा कसा येतोय ते लिवून ठिवा. पुढं जाहिरातीत छापू. तुमच्यासारख्या मोठ्या माणसाचं नाव आलं की लोक इस्वास ठेवत्यात."

म्हणून ही डायरी.

१४ ऑक्टोबर, शनिवार

पाक चवीला फार छान आहे. कढवलेल्या तुपाचा खमंग वास, आणि शेवटी सुंठीचा चटका.

अक्कम्मानं बोट बुडवून चाटलं आणि मोडता घातलाच. "अवो, हे तर गोड हाय की! तुमाला चालतंय व्हय?"

बायकोला वाटतं मला काही समजत नाही. चार वर्षांपूर्वी मला साखरेचा आजार निघाला, त्या दिवशी मी घरातून साखरेचा डबा बाहेर काढला. तेव्हापासून बिनसाखरेचा चहा. जिलबी नाही, बासुंदी नाही, पुरणपोळीच्या दिवशी मी आमटीभात खातो. पंगतीत वाढपी गोडाचं ताट घेऊन माझ्यापाशी आला की मी नुसती मान हलवतो आणि तो पुढं सरकतो. असा निग्रह सोलापुरात दुसऱ्या कुणाचा असेल तर दाखवा.

"खोकल्याचं औषधपण गोड असतं," मी तिला म्हटलं. "त्याला कुणी पक्वान्न म्हणतं का? माझा सोमवारचा उपास असतो, तेव्हा औषध घेतलं म्हणून उपास मोडतो का?"

ती बोट पदराला पुसत आत गेली.

१८ ऑक्टोबर, बुधवार

महिन्याची तपासणी. माझी डॉक्टर म्हणजे सायराबानू, गैबीसाबची मुलगी. गैबीसाब माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याचा रंगखाना आहे. सूत माझं आणि रंग त्याचा, असा आमचा धंदा. सायरा लहान असताना माझ्या गादीवर सुताच्या लडीत गुरफटून झोपायची. आता गळ्यात नळी घालून मलाच रागावते.

तिची तपासणी मला बघायला आवडते. काचेच्या नळीत निळं औषध घालते, त्यात आपली लघवी थेंब थेंब, आणि दिव्यावर उकळवते. साखर नसली तर निळं निळंच राहतं. असली तर हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी, मग लाल. आज हिरवट झालं. मी लगेच म्हटलं, "शेवाळी. या शेडच्या चादरी पुण्याला जातात."

"चाचा, काय काय खाता ते सांगा."

सगळं सांगितलं. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, भाजी, ताक. गोडाला शिवत नाही, देवाशपथ.

"मग थोडी वाढलेली दिसते कशी?" ती म्हणाली. पाकाचा विषय निघाला नाही. तिनं जेवणाचं विचारलं होतं, आणि गुडघ्याचं औषध हा काही तिचा विषय नव्हे.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

गुडघा पुष्कळ बरा! आज गादीवरून उठलो तर नुसता एकदा कटकन वाजला. गिऱ्हाइकानं वर बघितलंसुद्धा नाही.

उत्साहानं दोनाचे तीन चमचे केले. धोंडीराम म्हणतो, मुरलेल्या दुखण्याला मात्रा वाढवावीच लागते. पाक उष्ण असणार, कारण तहान फार लागते. दुकानातला माठ आता मी एकटा संपवतो. उष्ण औषध म्हणजे काम करणारं औषध.

२ नोव्हेंबर, गुरुवार. भाऊबीज

दिवाळी पार पाडली. शंकरपाळ्यांचा डबा माझ्या मांडीजवळ होता. मी एकही उचलली नाही. गैबीसाब फराळाला आला होता, त्यानं माझ्यासमोर चार अनारसे खाल्ले आणि वर म्हणाला, "मल्लू, तेरे सबर को सलाम है रे."

त्यालाही मी पाक खायला लावला आहे, खांद्यासाठी. खांदा कसा आहे विचारलं तर म्हणाला, "खांदा वैसाच है, पेट बड गया." प्रकृतीप्रमाणे गुण येतो, दुसरं काय.

या वर्षी पाहुण्यांनी अक्कम्माच्या चहाचं फार कौतुक केलं. चव वेगळीच आहे, काय घातलं, असं जो तो विचारत होता. ती नुसती हसली. बाईचा हात आहे, मी कधी कबूल करत नाही एवढंच. दुसरी बरणी मागवली. पहिली इतक्या लवकर कशी संपली कोण जाणे.

१५ नोव्हेंबर, बुधवार

नळी पिवळी झाली. चक्क हळदी. लग्नाच्या पातळाला चालेल असा रंग.

सायरा नळीकडं बघत राहिली. मग साखरेची गोळी अर्ध्याची एक केली. "चाचा, खरं सांगा. लपूनछपून काही खाता?"

मला राग आला. मी तिला दिवाळीच्या शंकरपाळ्यांचं सांगितलं. डबा मांडीजवळ होता, तेही सांगितलं. ती म्हणाली, "माफ करा." मी माफ केलं. पोरगी हुशार आहे, पण अजून अनुभव कमी पडतो. तिचं ते निळं औषध जुनं झालं असेल.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

अक्कम्मा सकाळपासून मोरीत रॉकेल शिंपडते आहे. "अवो, मुंग्यांची जत्रा भरलीया हितं! मी तर गुळाचा खडासुद्दा सांडला न्हाय."

काहीतरी सांडलं असणारच. बायका कबूल करत नाहीत. मला रात्री तीनचारदा उठून मोरीत जावं लागतं, तेव्हा पायाला मुंग्या लागत असतील, पण एकही चावल्याची आठवण नाही. आणि एवढ्या वेळा उठूनही गुडघा कुरकुरत नाही, हे जाहिरातीत घालण्यासारखं आहे.

३ डिसेंबर, रविवार

काठीचा सराव सुरू झाला. मैदानात साधी काठी घेऊन आळीपाळीनं चालतो. मी पहिल्या फेरीतच उभा राहिलो, गुडघा वाकवला, काठी घेतली आणि चाललो. चौघांनी शाबासकी दिली. दम थोडा लागला, पण ते वयाचं.

सिदूची पाळी आली. त्याची काठी डावीकडं झुकायला लागली आणि तो हातांनी तिला ओढून सरळ करायला गेला. मी सगळ्यांसमोर ओरडलो. "हातानं काय ओढतोस? काठी हातानं पेलत नाहीत, तळव्यानं पेलतात! पाय अनवाणी कशाला ठेवतो आपण? खाली खडा आहे, खड्डा आहे, उतार आहे, ते आधी तळव्याला कळतं. तळवा सांगतो, कंबर ऐकते. मग काठी."

"व्हय काका," सिदू म्हणाला आणि पुन्हा उभा राहिला. कितीही बोला, याचा आवाज चढत नाही. घरी येताना माझी पिशवी त्यानंच घेतली.

९ डिसेंबर, शनिवार

अक्कम्मानं पेटीतून बाराबंदी काढली. यात्रेचा पांढराशुभ्र सदरा, बंदांनी बांधायचा. गेल्या वर्षी पोटावरचे बंद बांधताना मला श्वास रोखून धरावा लागला होता. आज आत अजून एक माणूस मावेल. "पंचविशीत आलो बघ," मी म्हटलं.

ती हसली नाही. बंद हातात धरून तशीच उभी राहिली. "तुमी निम्मे झालाव," म्हणाली.

गुडघ्यावरचा भार कमी झाला, असं समजायचं सोडून.

१७ डिसेंबर, रविवार

आजचा प्रसंग जाहिरातीत पहिल्या ओळीत घालावा असा.

सरावाहून घरी आलो, पायांवर पाणी घेतलं, आत गेलो. मागून अक्कम्माची किंकाळी. फरशीवर दारापासून देव्हाऱ्यापर्यंत लाल ठसे! तिला वाटलं कुंकू सांडलं. बघतो तर माझ्या डाव्या तळव्यात लांब खिळा, डोक्यापर्यंत आत गेलेला. मैदानात कुठंतरी घुसला असणार आणि मी त्याच्यावर चालत घरी आलो, वाटेत पानवाल्याशी गप्पासुद्धा मारल्या. कणभर दुखलं नाही!

खिळा मीच उपटला. तेव्हाही दुखलं नाही. सिदूला हाक मारून दाखवलं. "बघ, ही पाकाची ताकद. आधी गुडघा गप्प केला, आता अख्खा पाय लोखंडाचा केला."

सिदू खिळ्याकडं बघेना, माझ्या तोंडाकडं बघायला लागला. "काका, डाक्टरकडं जाऊ."

"यात्रा झाल्यावर," मी म्हटलं. हळद दाबली आणि जेवायला बसलो.

२० डिसेंबर, बुधवार

हे कसं लिहावं समजत नाही. झालं तसं लिहितो.

पाय सुजला. रंग मला आवडला नाही, आणि रंगातलं मला कळतं. तरी मी गेलो नाही. सिदूनं परस्पर जाऊन सायराला घरी आणलं, सोबत गैबीसाबही आला. तिनं जखम धुतली, चिरून घाण काढली. मी तिच्या वडिलांशी सुताच्या भावावर बोलत होतो. ती मधेच थांबून म्हणाली, "चाचा, दुखत नाही?" मी अभिमानानं म्हटलं, "बिलकूल नाही." तिनं लगेच पिशवीतून नळी आणि दिवा काढला.

या खेपेला लाल. विटकरी, गडद. गैबीसाबनं डोळे बारीक करून बघितलं.

सायरा रडकुंडीला आली होती. "मी गोळी वाढवली, पथ्य सांगितलं, तुम्ही खोटं बोलणारे नाही. मग ही साखर येते कुठून?"

इतक्यात अक्कम्मानं चहा आणला. घरात आलेल्याला चहा दिल्याशिवाय ती सोडत नाही, मग घराला आग लागलेली असो. सायरानं एक घोट घेतला आणि कप तोंडाशीच राहिला.

"चाची, तुमच्याकडं तर साखर नसते ना? चहा गोड कसा?"

"साकर न्हायच की ठेवत आमी," अक्कम्मा म्हणाली. "पर पावन्याला बिनसाकरेचा चा कसा द्यायचा? म्हनून पाकाचे दोन चमचे घालते. लई गोड असतोय बघ. दिवाळीला समद्यांनी मागून मागून घेतला."

"कसला पाक?"

मी सांगितलं. गुडघ्याचं औषध. आता दिवसाला पाच चमचे घेतो, उपासाच्या दिवशी सहा, कारण पोट रिकामं असतं.

सायरा उठली. बरणीतला पाक चमच्याच्या टोकावर घेतला, पाण्यात कालवला, दुसऱ्या नळीत निळ्या औषधात टाकला आणि दिव्यावर धरला. आम्ही दोघं म्हातारे बघत बसलो. निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं, मग नारिंगी, मग विटकरी. तिनं दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात शेजारी धरल्या.

गैबीसाबनं मान हलवली. आयुष्यभर रंगाचे हौद घाटलेला माणूस. म्हणाला, "मल्लू, एकच हौद का माल है."

मी शेडवरून कधी भांडत नाही. तोच रंग होता.

२१ डिसेंबर, गुरुवार

साखरेवर इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू. सकाळ-संध्याकाळ सायरा येऊन टोचते. अक्कम्मानं बरणी न्हाणीत ओतली आणि वर बंबातलं गरम पाणी सोडलं, मुंग्यांच्या भीतीनं.

२२ डिसेंबर, शुक्रवार

आज सायरा म्हणाली, "चाचा, सुताचा एक धागा द्या." मी पिशवीतून चाळीस नंबरचं सूत काढून दिलं. डोळे मिटून चिमटीत धरलं तरी मी सुताचा नंबर सांगतो. बाजारात त्यावर माझं नाव आहे.

"डोळे मिटा. पायाला धागा लागला की 'हां' म्हणा."

डोळे मिटून बसलो. थोडा वेळ गेला. बाहेर गल्लीत कल्हईवाला ओरडत होता. मी म्हटलं, "अगं, सुरू कर की."

"झालं, चाचा," ती म्हणाली.

डोळे उघडले तर ती दोन्ही पायांच्या तळव्यांवरून, बोटांवरून, घोट्यापर्यंत धागा फिरवून मोकळी झाली होती. मला काहीच कळलं नव्हतं. मी तिच्या हातातून धागा घेतला आणि स्वतः फिरवला. धागा बोटांना कळत होता, पायाला नाही. आजवर एवढं भ्यायलो नव्हतो.

साखर वर्षानुवर्षं थोडी थोडी नसा मारत असते, म्हणाली, आणि या दोन महिन्यांत मी तिला हातभारच लावला. जखम वर सरकली असती तर बोट गेलं असतं, कदाचित पाय. आता आटोक्यात येईल, पण अनवाणी चालायचं नाही. आज नाही, यात्रेत नाही, कधीच नाही. मी विचारलं, मग गुडघा कसा बरा झाला? ती म्हणाली, "वजन उतरलं म्हणून असेल. डिंकामेथीचाही गुण असेल थोडा, मी नाही म्हणत नाही. पण चाचा, गुण येतो ती प्रत्येक गोष्ट साखरेच्या पेशंटला चालतेच असं नाही. औषध घेता तर डॉक्टरला सांगायचं. तेल लावलंत तरी सांगायचं."

"तू जेवणाचं विचारलं होतंस," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "यापुढं तोंडात काय काय गेलं, असं विचारीन. सगळ्यांना."

२६ डिसेंबर, मंगळवार

धोंडीराम आला. सिदूनं त्याला सगळं सांगितलं होतं. दारातच कानांना हात लावून उभा. "मालक, तुमाला साकरेचं दुखनं हाय हे मला बोलला न्हाईत की!"

"तू विचारलं नाहीस."

"आता गिऱ्हाईक आलं की पयलं त्येच इचारतो. इचारल्याबिगर बरणीला हात न्हाय लावत."

माणूस खोटा नाही. मी त्याला जाहिरातीचा मजकूर लिहून दिला: 'या पाकाने गुडघ्यास आराम वाटतो. मधुमेह असणाऱ्यांनी यास औषध न समजता बासुंदी समजावे. चनमल्लप्पा, सुताचे व्यापारी.' त्यानं दोनदा वाचून घेतलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "मालक, ह्यानं खपंल व्हय?"

पुष्कळ दिवसांनी हसलो. अक्कम्मा आतून बघायला आली.

३१ डिसेंबर, रविवार

जखम भरते आहे, पण भरली नाही. खरं सांगायचं तर आज सकाळपर्यंत माझ्या मनात होतं की पट्टी घट्ट बांधावी, वरून पांढरं फडकं गुंडाळावं आणि जावं. सायराला दुसऱ्या दिवशी कळलं असतं. ओरडली असती, ऐकून घेतलं असतं.

संध्याकाळी सिदू आला. अक्कम्माला बाहेर पाठवून हळूच म्हणाला, "काका, तुमी या. काठी तुमीच घ्या. मी तुमच्या पाठीला चिकटून चालतो, झुकली तर सावरतो. कुनाला कळनार न्हाय. तुमी इतकी वर्सं केलंय, एवढंच वर्स..."

मला हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. आणि तो म्हणाला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काठी आली. खाली दगड आहे, तळव्याला कळत नाही. कंबरेला कोण सांगणार? काठी झुकली तर सिदूच्या हाताला नाही आवरणार. मीच त्याला मैदानात शिकवलं होतं हातानं होत नाही म्हणून. आणि दोन्ही बाजूंना बायका, कडेवर पोरं, छपरांवर माणसं.

"तू घे," मी म्हटलं. तोंडातून शब्द निघाला आणि मला सिदूचा फार राग आला. त्यानं काही केलेलं नव्हतं. मग म्हटलं, "डावीकडं झुकते तुझी. उद्यापासून रोज इथं अंगणात. मी खुर्चीत बसून बघतो."

"व्हय काका."

खुर्ची अशी घरात आली.

१३ जानेवारी १९७९, शनिवार. यात्रेतला अक्षतेचा दिवस

नव्या वर्षाची डायरी आली, पण तीत लिहायला मन होईना. जुन्याच डायरीची मागची पानं वापरतो.

गैबीसाबनं सकाळीच रस्त्याच्या कडेला जागा धरली, खुर्ची टाकली, माझा पाय समोर स्टुलावर ठेवला. पायात मोजे आणि रबरी चपला. यात्रेच्या दिवशी मी चपलेत. ओळखीचे लोक यायचे, आधी माझ्या तोंडाकडं बघायचे, मग पायाकडं, आणि मग तब्येत विचारायचे. मी सगळ्यांना सांगत होतो, "बासुंदी लागली." कुणाला कळलं नाही, गैबीसाब तेवढा हसायचा.

बाराबंदी सिदूच्या अंगावर. अक्कम्मानं बंद बांधले. पोटावरचे बांधताना त्याला श्वास रोखावा लागला, गेल्या वर्षीच्या माझ्यासारखा.

काठ्या आल्या. 'बोला एकदा भक्तलिंग हर्र!' असा गजर, सगळा रस्ता पांढरा, काठ्यांना देवाच्या लग्नाची बाशिंगं आणि खारीक-खोबऱ्याचे हार. आमची काठी दिसली. तिच्या खाली सिदू. आमच्यासमोर आला आणि रस्त्यातल्या उंचवट्यावर त्याचा डावा पाय पडला. मी बघत होतो, त्याच्या हातांकडं नाही, पायाकडं. पायाची बोटं पसरली, टाच दबली, कंबर अंगुळभर वळली. वर काठी हललीसुद्धा नाही. बाकी कुणाला दिसलं नसेल. मला दिसलं.

मला रडू आलं. अभिमानानं आलं, आणि त्याच्या जागी मी नाही म्हणूनही आलं. दोन्ही खरं आहे. गैबीसाबनं खांद्यावर हात ठेवला आणि काठी वळेपर्यंत काढला नाही.

कुणीतरी प्रसादाची खारीक हातात दिली. सवयीनं ती तोंडाकडं गेली. मनात म्हटलं, प्रसाद म्हणजे काही गोड खाणं नव्हे. अर्ध्या वाटेत माझं मलाच ऐकू आलं. हात तसाच वळवला आणि खारीक गैबीसाबच्या तोंडात घातली.

१४ जानेवारी, रविवार. संक्रांत

सायरा सकाळी नळी घेऊन आली. शेवाळी. मी म्हटलं, "पुण्याला जाणारी." ती म्हणाली, "मोरपंखीपर्यंत पोहोचलो की सांगा." तिळगुळाचा डबा अक्कम्मानं तिच्या पिशवीत ओतला आणि रिकामा डबा मला दाखवला.

दुपारी सिदू आला. खांदे भरून आलेले, डोळे लाल, तोंडावर हसू मावेना. वाकून पाया पडला. मी बघत होतो म्हणून मला समजलं, नाहीतर त्याचे हात माझ्या पावलांना लागले हेसुद्धा मला कळलं नसतं. तो तसाच वाकलेला, आशीर्वादाची वाट बघत.

मी म्हटलं, "सिदू, हात जरा वर घे. गुडघ्याला लाव."

त्यानं वर बघितलं. मग हात उचलून उजव्या गुडघ्यावर ठेवले. खुर्चीत बसून बसून आणि पाक बंद होऊन गुडघा पुन्हा चांगलाच धरला आहे. त्याचे जड हात पडले आणि कळ मांडीपर्यंत गेली.

"दुखलं का काका?" त्यानं हात झटकन काढले.

"दुखलं," मी म्हटलं. "असू दे. ठेव अजून थोडा वेळ."